फाटकावरचा बिल्ला

उपासना सही करताना नावापाशी थांबते. पेन क्षणभर तसंच धरते, मग 'बी.' लिहून मोकळी होते. ते थांबणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ती माझी मुलगी, वय सव्वीस. बेळगावात टिळकवाडीत खोली घेऊन राहते, तिथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करते. माझ्या सासूबाई तानीबाई मधाळे इथे निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं राबल्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या खोलीचं दार उघडलं की तो उग्र वास आधी बाहेर येतो. उपासना त्याच वासाच्या मागे लागली आहे. तंबाखूतलं निकोटीन मोडणारं एन्झाइम तिने बदलून घेतलंय आणि ते ती जिवाणूंकडून बनवून घेते.

गेल्या महिन्यात ती घरी आली होती. भाकरी थापता थापता मी विचारलं, "अडलंय कुठं गं तुझं?"

"एन्झाइम आत तयार होतंय, पण तिथं त्याची घडी नीट बसत न्हाय. ह्या जिवाणूला दोन भिंती असतात. मधल्या जागेत पोचलं तरच ते कामाचं. म्हणून त्याच्या तोंडाशी छोटा तुकडा जोडायचा, सिग्नल सिक्वेन्स."

"मराठीत सांग की."

"आजीचा वखारीतला बिल्ला गं. तो बघितल्याबिगर फाटक उघडत न्हाय, आणि पलीकडं सोडताना कापून घेत्यात."

"मग बिल्ल्याचं काय होतं?"

"पेशी खाऊन टाकते." ती हसली. "कापला न्हाय तर एन्झाइम भिंतीतच अडकून बसतंय."

मला हसू आलं नाही. तिच्या कॉलेजचा फॉर्म मीच भरला होता. हॉस्टेलात आडनाव कळलं की शेजारचं ताट कसं लांब सरकतं, ते मी माझ्या वेळी पाहिलंय. कर्नाटकात नावापुढे नुसतं आद्याक्षर लावलं तरी कुणी विचारत नाही. मी मधाळे गाळलं आणि तिच्या बाबांच्या, भीमरत्न या नावातला 'बी.' ठेवला. आडनाव राहिलं असतं तर खरंच अडकली असती का ती?

आज दुपारी तिचा फोन आला. नवा तुकडा लागू पडला, एन्झाइम मधल्या जागेत पोचलं. उद्या सकाळी नऊला शोधनिबंध छापायला जाणार.

"नाव कसं लिहू, आई? एकदा छापलं की जन्मभर तेच र्‍हाणार."

"हाय तसंच र्‍हाऊ दे."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून घरात तंबाखूचा वास आहे. सासूबाईंच्या खोलीचं दार दोनदा लावून आले, आता परत किलकिलं दिसतंय. आत खिळ्याला त्यांचा पत्र्याचा बिल्ला आहे, नंबर २१४. कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी तो वखारीत परत दिलाच नाही. म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं नंबरानंच हाक मारली मला. नाव घरी ठेवूनच जात होतो आम्ही."

बारा वाजून गेलेत. ती झोपली नसेल, त्या एका ओळीपाशी थांबली असेल. फॉर्म मी भरला होता, हे नाव तू भर, एवढं तिला सांगायचंय. फोन लावते.