शिक्का मारलेलं कोरं पान

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, जन्मापासून दिसत नाही. तरी गल्लीत नळाला पाणी कधी येणार, वेळापूरच्या भावकीत कुणाचं लग्न ठरलं, हे घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. त्यांच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय आहे. त्यातली बाई इतकी भरभर बोलते की आम्हाला ती कुणाशी तरी भांडतेय असंच वाटतं. वन्सं मात्र ती बडबड ऐकत निवांत शेंगा सोलत असतात.

मी सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर आहे. कार्यालयाच्या संकेतस्थळावर सूचना चढवणं हे माझं काम. या कामाची आमच्याकडे एक रीत पडून गेलेली आहे. सूचना आधी संगणकावर टाइप होते, मग तिची प्रिंट निघते, प्रिंटवर साहेबांची सही आणि गोल शिक्का बसतो, आणि तो कागद स्कॅन होऊन पुन्हा संगणकात येतो. म्हणजे चांगल्या वाचता येणाऱ्या मजकुराचा आम्ही फोटो काढतो आणि तोच संकेतस्थळावर टाकतो. डोळस माणसाला यात काही खटकत नाही. वन्संच्या फोनला मात्र फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत, तो गप्प राहतो. म्हणून संध्याकाळी मी घरी आले की चहा घेता घेता त्यांना सूचना वाचून दाखवायचे. दिवसभर त्याच सूचना हाताळून कंटाळलेली असायचे, भराभर वाचून मोकळी व्हायचे. ते त्यांना कळायचं. "तुझ्यापेक्षा माझी फोनमधली बाई सावकाश वाचती," असं म्हणून त्या हसायच्या.

मग वरून आदेश आला की सगळी संकेतस्थळं दिव्यांगांना वापरता आली पाहिजेत. बाहेरच्या माणसांनी येऊन आमच्या संकेतस्थळाचं रूप पालटलं. अक्षरं मोठी करायची बटणं आली, रंग बदलायची सोय आली, मुख्य पानावर चाकांच्या खुर्चीचं चित्रही आलं. प्रशिक्षणात आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की स्कॅन केलेला कागद चालणार नाही, मजकूरच टाका. तेव्हा मी मान डोलावली होती. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

उद्घाटनाला कुणीतरी अंध व्यक्ती हवी, असं साहेब म्हणाले आणि मी उत्साहाने वन्संचं नाव पुढे केलं. खरं तर मला मिरवायचं होतं. प्रात्यक्षिक फसू नये म्हणून मी आदल्या दिवशी एक सूचना नीट टाइप करून, फोटो न काढता, संकेतस्थळावर ठेवली. बाकीच्या सगळ्या जुन्या रीतीनेच पडून होत्या. वन्संनी सगळ्यांसमोर ती एक सूचना उघडली आणि फोन घडाघडा बोलायला लागला. टाळ्या पडल्या. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर आलीच. वन्संनी तिची किनार बोटांनी चाचपली आणि माझ्या कानाशी येऊन, चांगली जड हाय की, म्हणाल्या. रिक्षातून घरी येताना त्यांनी मला विचारलं, आता सगळ्याच सूचना बोलतात का. मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून तसंच करायचं माझ्या मनात होतं, आणि मनात असलेलं मी झाल्यासारखं सांगून टाकलं.

त्या दिवसापासून त्यांनी मला वाचायला सांगणं बंद केलं. मी आपण होऊन विचारलं तर हात झाडायच्या, "तू चहा पी. माझं मी बघते." 'बघते' हा शब्द त्या अगदी तोऱ्यात म्हणायच्या. आणि मला काय वाटलं? हायसं वाटलं. संध्याकाळचं एक काम सुटलं. याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

आमच्याच कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची एक जागा अंध उमेदवारासाठी राखीव निघाली होती. वन्संनी लेखनिक घेऊन परीक्षा दिली, पासही झाल्या. उरली फक्त कागदपत्रांची पडताळणी. तिची तारीख उद्घाटनाच्या आधीच जाहीर झाली होती, ती सूचना मीच त्यांना वाचून दाखवली होती, आणि खाली नेहमीचं वाक्य होतं की उमेदवारांनी संकेतस्थळ वेळोवेळी पाहावे, स्वतंत्रपणे कळवले जाणार नाही. आपण भावाच्या घरात राहतो, त्याच्या जिवावर खातो, हे वन्संना आतून फार लागायचं. पहिल्या पगारातून घरात काय आणायचं हे त्या आमच्या पोरीशी रोज ठरवायच्या आणि रोज बदलायच्या.

उद्घाटनाला पंधरवडाही झाला नव्हता, तोच पडताळणीची तारीख अलीकडे आली. तसं शुद्धिपत्रक निघालं. सही झाली, शिक्का बसला आणि कागद माझ्या टेबलावर आला. मी तो वाचला. वन्संना फोन करावा, असं मनात आलंही. पण कागदांचा ढीग पडला होता, आणि वाटलं, त्या आता स्वतः बघतात, आपण मध्ये बोललो तर उगाच हात झाडतील. मी तो कागद यंत्रावर पालथा घातला, स्कॅन केला आणि चढवला, जसा रोज चढवत होते तसा. संध्याकाळी घरी गेले तर वन्सं फोन कानाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, तेच ऐकत असतील, आणि पुढे कामाच्या ढिगात ती नवी तारीख माझ्या डोक्यातूनच गेली.

जुन्या तारखेला त्या इस्त्रीची साडी नेसून, दाखल्यांची पिशवी घेऊन माझ्या नवऱ्याबरोबर कार्यालयात आल्या. मी त्यांना दारात पाहिलं तेव्हाच मला ती नवी तारीख आठवली. पडताळणी होऊन गेली होती, त्यांच्या मागच्या उमेदवाराला बोलावलंही गेलं होतं. साहेब वाईट बोलले नाहीत. नियम दाखवला आणि म्हणाले, संकेतस्थळावर तर दिलं होतं. नवऱ्याने अर्ज केले, खेटे घातले. काही झालं नाही.

घरी आल्यावर वन्सं रडल्या नाहीत. पिशवी खुंटीला अडकवली आणि मला जवळ बसवलं.

"कागद उघडला व्हता मी. फोन काई बोललाच न्हाय. मला वाटलं पान कोरंच हाय, आधीची बी एक-दोन तशीच लागली व्हती. सरकारी काम हाय, चुकून कोरं चढलं आसंल."

"मला विचारायचं की, वन्सं."

"तूच म्हणालीस न्हवं, आता समदं बोलतं म्हणून?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते नुसतं विचारलं होतं.

आता मी प्रत्येक सूचना मजकूर म्हणून टाकते. हेडक्लार्कशी वाद झाला, शिक्का नसलेल्या मजकुराला कोण विचारतो म्हणाले. शेवटी शिक्क्याचं पानही ठेवायचं आणि त्याच्या शेजारी मजकूरही, असं ठरलं. काम दुप्पट झालं आहे. मी कुरकुर करत नाही, पण त्याने माझं मन हलकं होतं असंही नाही. ती जागा भरली गेली. तिथे बसणारी मुलगी चांगली आहे, सकाळी माझा आवाज ओळखून नमस्कार करते, आणि मला तिच्याकडे नीट बघवत नाही.

वन्संना हे सगळं सांगायला मी बरेच दिवस धजले नाही. एकदा खोटं ठरलेलं तेच वाक्य पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचं? पण त्यांच्या त्यांनाच ते कळलं. परवा स्वयंपाकघरात असताना त्यांच्या फोनमधल्या बाईची भरभर बडबड कानावर आली. आमचीच सूचना होती, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी पीठ मळायची थांबले. इतक्या दिवसांनी थोडं बरं वाटलं.

मग त्यांनी हाक मारली. मी हात पुसत बाहेर गेले. त्यांनी फोनचा पडदा माझ्याकडे वळवला.

"जरा डोळ्यानं बघ गं. एवढंच हाय का, अजून काई हाय?"

मी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एवढंच आहे म्हणून सांगितलं. तेव्हा त्यांनी फोन बंद केला. आता त्या रोज असंच विचारतात, आणि मी रोज बघून सांगते.