फाटकाबाहेर उभी केलेली गाडी

माझी लाल गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर चिंचेखाली उभी होती आणि तिच्या टपावर पाला पडत होता. खिडकीतून ते पाहताना माझं डोकं तापत होतं. गाडी जुनी, दोनच सीटची, सीटच्या मागे इंजिन असलेली. फार हौसेनं घेतलेली, पण आमच्या स्पर्धक कंपनीची. म्हणून सकाळी साहेबांनी मला फाटकातच अडवलं.

"मॅडम, इंजिनं इथं बनवता आणि फिरता त्यांच्या गाडीतून? आत आणू नका ती."

"साहेब, अशी गाडी आपण बनवली असती, तर आपलीच घेतली असती."

तरी त्यांनी फाटक उघडलं नाही.

पगार घेते म्हणून कंपनीला हात दिले, डोकं दिलं. आता आवडही द्यायची? दुसऱ्याचं चांगलं काम पाहून ज्याला आनंद होत नाही, त्याच्या हातून चांगलं काय घडणार?

संध्याकाळी बाहेर आले, तर साहेब मागच्या काचेला डोळे लावून इंजिन बघत होते. मला पाहून दचकले.

"जरा उघडून दाखवता?" त्यांनी हळूच विचारलं.

"उद्या आत आणते," मी म्हटलं, "तिथं सगळ्यांसमोर दाखवते."