देवीच्या फ्रेममधलं पान

मी जन्माची भित्री आहे. वय झालं की माणूस धीट होतं म्हणतात, ते माझ्या बाबतीत साफ खोटं ठरलं. अजूनही कुणी भिंतीवरची तसबीर उतरवायला लागलं की मी खोलीबाहेर निघून जाते. घरात रंगकाम निघालं की मुलं मला आधी बहिणीकडे पाठवून देतात. म्हातारीला रंगाचा वास सोसत नाही, असं त्यांना वाटतं. मीही तसंच वाटू देते, कारण खरं कारण सांगायचं तर लालबागच्या एका फ्रेमवाल्यापासून सुरुवात करावी लागेल.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. परळच्या एका चाळीत तिसऱ्या माळ्यावर आम्ही राहत होतो. आई, बाबा, मी आणि माझ्या पाठीवरचा भाऊ, जो नुकता रांगायला लागला होता. बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. देव्हाऱ्यातले टाक बाबांनी एका रविवारी समुद्रात सोडले आणि घरी येऊन पोटभर जेवले. आईला ते तितकं सोपं गेलं नाही. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तिने इतर बायांबरोबर मोठ्याने म्हटल्या होत्या, पण भिंतीवरची देवीची तसबीर तेवढी राहू दिली होती. ती तिला तिच्या आईने लग्नात दिली होती. बाबा त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसत.

मग घरात पान आलं. बाबांच्या गिरणीत साड्यांच्या किनारीची नक्षी काढणारा एक चित्रकार होता. बाबांनी मुद्दाम सांगून त्याच्याकडून बुद्ध काढून घेतला होता, आणि तोही पिंपळाच्या पानावर. पान पाण्यात मुरवून मुरवून त्याचा हिरवा गर काढून टाकला की नुसती शिरांची जाळी उरते. त्या जाळीवर त्याने बारीक कुंचल्याने मिटल्या डोळ्यांचा बुद्ध रंगवला होता. बाबांनी ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून आणलं. वरचा पुठ्ठा उचलला आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो, कारण श्वासानेसुद्धा ते हलत होतं. बाळ रांगत पुढे आलं, तशी आईने त्याला पायानेच अडवलं.

असली वस्तू आमच्या खोलीत उघडी ठेवणं शक्यच नव्हतं. स्टोव्हचा धूर, ओल धरलेली भिंत, झुरळं आणि त्यात रांगतं पोर. चार दिवसांत चुरा झाला असता. पण नवी फ्रेम म्हणजे नवी काच, आणि त्या दिवसांत काचेला सोन्याचा भाव आला होता. रोज कुठे ना कुठे मोर्चा, रोज कुठे ना कुठे दगडफेक. फ्रेमवाल्याने बाबांना सांगितलं की निम्म्या मुंबईच्या काचा फुटल्या आहेत. घरात जुनी फ्रेम असेल तर आणा, तिच्यातच बसवून देतो, स्वस्तात काम होईल. बाबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि ते जेवायला बसले. आमच्या घरात जुनी फ्रेम एकच होती.

आईने काही दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एका सकाळी, भाकऱ्या थापून झाल्यावर, ती स्टुलावर चढली, स्वतःच्या हाताने देवी उतरवली, पदराने पुसली आणि दारातून बघणाऱ्या शेजारणीकडे न बघता मला म्हणाली, चल. पुढे मी मोठी झाल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाली, “तुझ्या बापानं मागितली असती तर दिली नसती. त्यांनी मागितली नाही ना.”

फ्रेमवाल्याचं दुकान मिरच्या कांडण्याच्या गिरणीला लागून होतं. पाऊल टाकताच ठसका लागायचा. त्याने आम्हाला पान घेऊन बाहेर फुटपाथवर उभं केलं, शिंक आली तर तोंड रस्त्याकडे करा म्हणाला, आणि पक्कडीने देवीच्या तसबिरीचे खिळे काढायला लागला. मागचा पुठ्ठा निघाला, पण चित्र निघेना. इतक्या वर्षांच्या ओलीने आणि धुराने कागद काचेला चिकटून बसला होता. त्याने एक कोपरा नखाने उचलून पाहिला, तर कोपराच हातात आला.

“चिकटलंय बाई,” तो म्हणाला. “बोला, काच पाहिजे का देवी?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो धंद्याचं बोलत होता. पण आई त्या फाटलेल्या कोपऱ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मिरच्यांच्या गिरणीतली बाईसुद्धा मान वर करून बघायला लागली. शेवटी आई म्हणाली, काच.

त्याने काच बादलीत बुडवली आणि ब्लेडने खरवडायला सुरुवात केली. आधी पाय गेले, मग वाघ गेला. बादलीतलं पाणी कुंकू कालवल्यासारखं लाल झालं. देवीचा एक डोळा बराच वेळ काचेवर तसाच होता आणि मी जिथे उभी राहीन तिथे तो माझ्याकडेच बघत होता. मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. तो बादली गटारात ओतायला निघाला, तेव्हा आईने ती त्याच्या हातातून घेतली आणि फुटपाथवरच्या झाडाच्या मुळाशी रिकामी केली.

पान मात्र त्याने सुरेख बसवलं. खाली काळ्या कापडाचा तुकडा, देठाशी आणि टोकाशी डिंकाचा एकेक ठिपका, आणि काच पानाला टेकू नये म्हणून चारी कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या. काळ्यावर ती जाळी उजळून दिसायला लागली. परत येताना नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. एका शिपायाने काठी फ्रेमवर ठेवून विचारलं, यात काय, मोर्चाचा फलक? आईने फ्रेम घट्ट धरली. मीच कसंबसं म्हटलं, बुद्ध आहे. त्याने काठी उचलली, पण घर येईपर्यंत आम्ही दोघींनी मागे वळून पाहिलं नाही.

आमच्या शेजारी मालवणकडची एक काकी राहायची. माळ्यावर आमच्यातली दोनच घरं होती, बाकी सगळी तिच्यासारखी. तिने आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, की आमचा उंबरा ओलांडला नाही. तिला एकुलती एक तीन वर्षांची मुलगी होती. ती पोर बाळाला बघायला सारखी आमच्या दारात यायची आणि काकी तिला दंडाला धरून ओढून न्यायची. पान भिंतीवर लागलं त्या दिवशी काकी दाराबाहेर उभी राहून आईला म्हणाली, “देवीक भायर काढलंस. ती गप रवाची नाय गो.” रात्री आईने बाळाची दोनदा दृष्ट काढली आणि बाबांना कळू दिलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी दारात चपला वाजल्या. आई आत बाळाला न्हाऊ घालत होती. पडद्याखालून मला फक्त पाय दिसले. बाहेरून घाईचा पुरुषी आवाज आला, “देवी काढल्या का?” आईचा चेहरा उतरला. दीक्षा घेतल्यापासून येता-जाता कुणीतरी विचारायचंच, देव काढले म्हणे. आता परके पुरुषही दारात येऊन विचारायला लागले, असं तिला वाटलं. ती ताठ झाली आणि म्हणाली, “हो. काढली.” चौकटीवर खडू घासल्याचा आवाज आला आणि चपला पुढे गेल्या. मागोमाग शेजारून काकीचा आवाज ऐकू आला, मुलगी गावाक गेली हा. मुलगी घरातच होती, गाद्यांच्या वळकटीमागे.

आजच्या पोरांना हे उलगडून सांगायला हवं. तेव्हा देवी हे रोगाचंही नाव होतं. अंगभर फोड उठायचे, आणि माणूस जगला तर चेहऱ्यावर वण घेऊन जगायचा. तो रोग होऊ नये म्हणून दंडावर लस टोचत, त्याला म्हणत देवी काढणे. लस टोचली तर देवी कोपते, म्हणून काही बाया पोरं लपवत. आपल्या भाषेत चित्रही काढतात, भिंतीवरची तसबीरही काढतात आणि देवीही काढतात. आलेला माणूस म्युनिसिपालिटीचा लस टोचणारा होता. त्याने ‘काढल्या’ विचारलं आणि आईने ‘काढली’ सांगितलं. आईला हा अर्थ माहीत नव्हता असं नाही. माझ्या दंडावर वण आहेच. पण त्या दिवसांत तिच्या डोक्यात देवी एकच होती.

मग काकीच्या मुलीला ताप भरला, आणि तापामागून फोड आले. चाळभर एकच कुजबुज, देवी आल्या. दवाखान्याची गाडी येऊन मुलीला साथीच्या इस्पितळात घेऊन गेली. गाडी गेल्यावर काकी गॅलरीत उभी राहून आमच्या दाराकडे बोट करून ओरडली, की हिने काढली आणि ती माझ्या घरात आली. सगळा माळा ऐकत होता. कुणीही काकीला गप्प केलं नाही. सर्वांत वाईट हे, की आईला ते खरं वाटलं. मलाही वाटलं. डोळे मिटले की मला काचेवरचा तो एक डोळा दिसायचा.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीची माणसं दारोदार लस टोचत आली आणि आमचं दार सोडून पुढे गेली. संध्याकाळी बाबा गिरणीतून आले. त्यांनी विचारलं, बाळाच्या काढल्या का? आई म्हणाली, आपल्याकडे ती माणसं आलीच नाहीत. बाबांनी चौकटीवर खडूची फुली पाहिली आणि ही कसली म्हणून विचारलं. आईने फुलीकडे बघितलं आणि ती पुटपुटली, “देवी काढल्या का, म्हणाला होता तो.” तिने काय झालं ते सांगितलं, तेव्हा बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कडकडीत हरताळ होता. दवाखाना उघडा असेल की नाही याची खात्री नव्हती, तरी आम्ही निघालो. बाळ आईच्या पदराखाली, मी बाबांच्या बोटाला. रस्त्यात पुढे कुठेतरी अश्रुधुराची नळकांडी फुटली होती. डोळ्यांची आग झाली, माणसं उलटी धावत येत होती आणि आम्ही भिंतीला अंग घासत त्यांच्या विरुद्ध दिशेने चाललो होतो. दवाखाना उघडा होता. डॉक्टरांनी आधी आईला चार शब्द सुनावले, मग बाळाच्या दंडावर लस टोचली. ते म्हणाले, रोग आधीच अंगात शिरला असेल तर आज सांगता यायचं नाही. ताप तर लसीनेही येतो. फोड दंडावरच राहतात की अंगभर उठतात, तेवढं बघत राहा.

ताप आला. आई रोज सकाळी बाळाला गॅलरीच्या उजेडात उघडं करून बघायची. तळपाय, तळहात, कानामागे, टाळू, तोंडाच्या आत. मी तिच्या मागे उभी राहून तिच्या पाठीकडेच बघायची; बाळाकडे बघायची माझी छाती होत नव्हती. ताप चढलेल्या एका दुपारी बाबा कामावर गेले नाहीत. ते पानाकडे पाठ करून बसले होते, जसे पूर्वी देवीकडे पाठ करून बसायचे. खाली मान घालूनच ते आईला म्हणाले, “तुला देवळात जायचं असेल, ओटी भरायची असेल, तर जा. मी काही म्हणणार नाही.”

बाबांच्या तोंडून हे ऐकलं आणि मला वाटलं, आता बाळ गेलंच. तोपर्यंत माझी भीती बाबांच्या आधाराने उभी होती.

आईने बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलली. मग म्हणाली, “मी गेले आणि हा वाचला, तर जन्मभर तिला भीतच राहावं लागेल. नाही जात.”

फोड दंडावरच राहिले. ताप उतरला, खपल्या धरल्या. काकीची मुलगी इस्पितळातून परत आली नाही. आईने कित्येक दिवस बाळाला गॅलरीत नेलं नाही. ते खिदळलं तरी ती त्याच्या तोंडावर हात ठेवायची, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

एका दुपारी काकी आमच्या दारात येऊन उभी राहिली. बाळ आईच्या मांडीवर होतं. आईने त्याला पदराआड घेतलं आणि मी आईला चिकटले. काकी भिंतीवरच्या पानाकडे बघत होती. तिचा आवाज बसलेला होता.

“मी तिका काढूक नाय,” ती म्हणाली. “थयच आसा, माझ्या भिंतीर. तरी इली.”

आईला उत्तर माहीत होतं. लस टोचणारा आला तेव्हा गाद्यांच्या मागे कोण होतं, तेही तिला माहीत होतं. ती बोलली नाही. काकीने उंबरा ओलांडला, आमच्या जमिनीवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. “दी गो जरा.”

आईने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. काकीने त्याच्या झबल्याची बाही वर सरकवली, दंडावरच्या खपल्यांवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून रडत राहिली. आई भीतीने पांढरी पडली होती. पण तिने बाळ परत मागितलं नाही.