सगळ्यांना विचारून घ्यायची गोळी

आमच्या आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीनं, आयुष्यात एकटीनं काहीही ठरवलेलं नाही. निपाणीच्या बाजारात साडी घ्यायला गेली की ती दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं मत घेते. एकदा एका अनोळखी बाईनं रंग छान असल्याचं सांगितलं आणि तीच साडी आक्काच्या मांडीवरून उचलून स्वतः विकत घेतली. आक्काला वाईट वाटलं नाही. आपली निवड बरोबर ठरली, एवढ्यावर ती खूश. वांगी घेताना ती शेजारच्या कांदेवालीला विचारते. संकेश्वरच्या गाडीत ऊन कुठल्या बाजूला येईल हे कंडक्टरला विचारते आणि त्यानं कन्नडमध्ये सांगितलं की खात्रीसाठी मागच्या प्रवाशाला मराठीत विचारते.

तिला कुणाला विचारताच आलं नाही, असं एकदाच घडलं. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या गर्भाशयात गाठी निघाल्या, तेव्हा पिशवी काढायचं भाऊजींनी डॉक्टरांच्या टेबलाशी उभ्याउभ्या ठरवून टाकलं. आक्का बाहेर बाकावर होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली, हे तिला टाके काढायला गेल्यावर कळलं.

मग अंगातून वाफा निघू लागल्या. गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून ती भाकऱ्या थापायची आणि दुपारी फ्रिज उघडून त्याच्यासमोर पाट टाकून बसायची. भाऊजी तिला विजेच्या बिलाची आठवण करून देत. झोप गेली, सांधे धरले, साबणाची जाहिरात पाहूनही रडू यायला लागलं. शेवटी मी तिला बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या. या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम बंद झालंय, हाडांसाठी आणि हृदयासाठीही ते गोळीनं भरून काढलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. धोकेही सांगितले, तिच्या बाबतीत ते कमी का आहेत तेही सांगितलं. चिठ्ठी देताना म्हणाल्या, ठरवायचं तुम्ही.

हे शेवटचं आक्काला झेपलं नाही. महिनाभर ती विचारत फिरली. शेजारणीनं कॅन्सरची भीती घातली. नणंद म्हणाली, "आता ह्या वयात तरणं व्हायचंय व्हय?" मी वार्ताहर, सवयीनं दोन्ही बाजू मांडल्या.

"बातमी नको रं. सांग," आक्का म्हणाली.

मी पुन्हा दोन्ही बाजू मांडल्या.

एका रविवारी जेवताना भाऊजींनी निकाल दिला: देवानं दिलंय ते सोसावं, गोळ्याबिळ्या नकोत. आक्का वाढता वाढता थांबली.

"काढताना देवाला इचारलं व्हतं व्हय?"

तिनं भाऊजींच्या वाटीत आमटी वाढली आणि संध्याकाळी स्वतः जाऊन गोळ्या आणल्या.

आता तिला झोप लागते. परवा गेलो तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. गाठी मोठ्या होत्या, काढणं भागच होतं, असं आपणहून म्हणाली. मग आणखी मूठभर शेंगा सोलल्या.

"मी न्हाय म्हटलं नसतं रं," शेवटी ती हळूच म्हणाली. "पर इचारायला पायजे व्हतं."