चौथ्यांदा उतरवलेला रंग

त्या दिवशी मोरेश्वर दाजींनी टेबलावरच्या छोट्या विमानाचा रंग चौथ्यांदा उतरवला. शनिवार होता, सकाळचे साडेदहा. शैलाताई गवार मोडता मोडता बेसमेंटच्या जिन्यावरून खाली डोकावली तर हे आपले कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून चंदेरी पंख पुसतायत, आणि खालचा काळा रंग वर यायला लागलाय. सहा महिन्यांचं काम सगळं. ताईचं डोकंच फिरलं.

"अहो, हे काय? परवाच म्हणालात ना की झालं!"

"जवळजवळ झालं म्हणालो," दाजी मान वर न करता म्हणाले. "डाव्या पंखावरची रिव्हेटची ओळ चुकलीय. ये, बघ."

"मला सरळ दिसतीय."

"तुला दिसायची नाही. मला दिसते. मी ठोकलेत ते."

"मग ठोका! जन्मभर ठोकत बसा!" ताई ओरडली. "तुमचं विमान काही पुरं व्हायचं नाही आणि मी काही नाशिक बघायची नाही. मरू इथंच दोघं."

असं बोलून ती वर निघून आली. कणीक मळून झाली होती, पोळ्या लाटायला घेतल्या. तिसऱ्या का चौथ्या पोळीला खाली स्टूल पडल्याचा आवाज आला. ताईला वाटलं, रागानं लाथ मारली असेल. म्हणून ती गेली नाही. सगळ्या पोळ्या केल्या, तवा उतरवला, ओटा पुसला आणि मग जेवायला हाक मारायला गेली. दाजी टेबलाखाली आडवे, कापसाचा बोळा मुठीत तसाच.

संग्राम, म्हणजे त्यांचा मुलगा, आणि सूनबाई रुचा, दोघं नात अनयाला घेऊन मराठी शाळेत गेलेले. ताईनं अमेरिकेतला मदतीचा नंबर, नऊ-एक-एक, लावला. घरचा पत्ता इंग्लिशमध्ये अनयानं तिच्याकडून घोकून घेतला होता, तेवढाच कामाला आला. ॲम्ब्युलन्स लगेच आली हो, पण दीड वाजता हॉस्पिटलात डॉक्टरनं संग्रामला बाजूला बोलावलं ते ताईनं लांबून बघितलं, आणि तिला सांगायची गरज पडली नाही.

आता हे नाशिकचं काय प्रकरण होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर ताईचं दुःख कळायचं नाही.

दाजी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. चौतीस वर्षं मिग विमानाच्या अंगाला रिव्हेट ठोकले. आणि ताईचं आडगाव नाक्याजवळ दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत पिको-फॉलचं मशीन. चौथी शिकलेली बाई, पण साडीला असा फॉल लावायची की उलटी धरली तरी टाका दिसायचा नाही. दुपारी चार बाया यायच्या, साड्या द्यायच्या निमित्तानं तासभर बसायच्या. सासूची गाऱ्हाणी, पोरींची लग्नं, सगळं त्या मशीनवर. ताई म्हणायची, माझं ऑफिस आहे हे.

अनया झाली तेव्हा संग्रामनं दोघांना अमेरिकेत शॉमबर्गला आणलं. सहा महिन्यांसाठी. ताईनं मशीनवर चादर टाकली आणि किल्ली शेजारच्या उत्तराकडे दिली. सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली. मधे एकदा लग्नाला म्हणून वीस दिवस जाऊन आली, तेवढंच. शॉमबर्गला घर मोठं, रस्ते मोठे, पण ताईला गाडी येत नाही, इंग्लिश येत नाही. खिडकीतून माणूस दिसलं तर ते कुत्र्यामागं पळत असणार.

आणि दाजी तिथं फुलले. खरंच फुलले. संग्रामनं एका वाढदिवसाला विमानाचं किट आणून दिलं, प्लास्टिकचे तुकडे जोडून छोटं विमान करायचं तसलं. दाजींनी डबा उघडला, तुकडे हातात घेऊन फिरवले आणि म्हणाले, "हे चूक आहे. हे दार इथं नसतंच." झालं, तिथून नाद लागला. किटमध्ये दिलंय तसं त्यांनी कधी केलंच नाही. जाड कड दिसली की पॉलिश पेपरनं घासून कागदासारखी करायची. चाकाच्या खोबणीत वायरी नाहीत तर तांब्याची तार ओढून बसवायची. जुन्या घड्याळातलं दातेरी चाक पंखावरून फिरवून एकेक रिव्हेटचा ठिपका पाडायचा. मग लायब्ररीत त्या विमानवाल्यांचा क्लब भरतो तिथं मनोहरकाका त्यांना गाडीतून न्यायला लागले. नागपूरचे, रिटायर झालेले, बोलायला मोकळे. तिथं मोठमोठे गोरे म्हातारे दाजींभोवती उभे राहायचे आणि विचारायचे, खऱ्या विमानाला हे असंच असतं का, मिस्टर मो? ओझरला साहेबानं चौतीस वर्षांत कधी नाव घेतलं नसेल, नुसता हजेरीचा तिकीट नंबर. इथं मिस्टर मो!

ताईला काही राग नव्हता बरं. तिनं विचारलं तेव्हा दाजीच म्हणाले होते, "शैला, एक मिग करायचंय. ओझरचं. माझ्या हातून गेलेलं, तसंच्या तसं. तेवढं झालं की तिकीट काढू. कायमचं जाऊ." स्वतःच्या तोंडानं म्हणाले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले म्हणा ना.

मग काय, ताई स्वतःच कामाला लागली. लवकर झालं तर लवकर जाऊ. डोळ्याला भिंग लावून खाली बसायची. पायलटच्या सीटला पट्टे नव्हते किटमध्ये, तर तिनं दाजींच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून पट्टे केले, तांदळाच्या टोकाएवढी बक्कलं केली. पाण्यात भिजवून चिकटवायची ती नंबरांची चित्रं असतात, ती दाजींचा हात थरथरतो म्हणून तीच लावायची. फॉल लावायचा हात होता तिचा, सुरकुती पडू दिली नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा ताईनं शिरा केला होता. उत्तराला फोन करून सांगितलं, घर झाडून ठेव. दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, चंदेरी रंग धूळ खाऊन बसलाय, उतरवावा लागेल. दुसऱ्यांदा म्हणाले, नाकाचा हिरवा जास्त गडद झाला. तिसऱ्यांदा काचेच्या कडेला फट दिसतीय म्हणाले, आणि ती काच काढताना ताईचे पट्टे तुटले. ती परत गोळ्यांचं पाकीट घेऊन बसली. तिला वाटायचं, माणूस कारागीर आहे, खोटं काम त्याला चालत नाही. कौतुकच वाटायचं तिला. तीन वर्षं त्या एका विमानात गेली.

म्हणून तर दाजी गेल्यावर तिनं जेवण टाकलं. म्हणायची, "मी बोलले त्यांना. मरू इथंच म्हणाले. इमानदार माणसाला असं बोलले आणि वर पोळ्या करत बसले." मी तिची धाकटी बहीण, किती समजावलं फोनवर, काही उपयोग नाही. "माझ्या जिभेनं गेले ते," एवढंच.

दहाव्या दिवशी मनोहरकाका भेटायला आले. ताई सोफ्यावर, संग्राम समोर, रुचा चहा देत होती. काका बिचारे वातावरण हलकं करायला बघत होते.

"वहिनी, खरं सांगू का, मोरेश्वरला तुमचा भारी धाक होता बाप्पा."

ताईनं डोळे पुसले. "माझा कसला धाक भाऊजी. मीच त्रास दिला त्यांना. काम नीट करायचं होतं त्यांना आणि मी घाई लावली."

"काम!" काका हसले. "वहिनी, ते मिग पहिल्याच वेळेस असं झालं होतं की आमच्या क्लबात लोकं तोंडात बोट घालून पाहत होते. मी म्हटलं, अरे हे तर मेडलचं काम आहे, रंग कायले उतरवतो? तर मले म्हणते कसा, मनोहर, हे पुरं झालं की मला नाशिकचं तिकीट काढावं लागते नं!"

ताईनं डोळ्यावरचा पदर खाली घेतला. काकांना वाटलं, समजलं नसेल, म्हणून अजून सांगितलं.

"अहो, क्लबात त्याचं नावच पडलं होतं नाशिक फ्लाइट म्हणून. आला की सगळे विचारत, मिस्टर मो, हाऊ इज द नाशिक फ्लाइट? अन् हा म्हणे, डिलेड! सगळे खो खो हसत."

खोलीत कुणीच हसलं नाही. रुचा ट्रे घेऊन उभी. काकांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. "मले वाटलं तुम्हाले माहीत असन," ते म्हणाले. चहा अर्धा टाकून गेले बिचारे, त्यांची चूक नव्हती.

ताई रडली नाही. दहा दिवस रडणारी बाई, डोळे कोरडे ठाक. तिनं फक्त विचारलं, "संग्राम, तुला माहीत होतं?"

संग्राम फोनकडे बघायला लागला.

"तुला विचारतीय मी."

"आई, बाबा तिथं जाऊन काय करणार होते? इथं त्यांना मान होता. आणि... अनयाला शाळेतून आल्यावर कोणीतरी पाहिजेच होतं ना. मला वाटलं, तुम्ही दोघं बोलला असाल."

"आम्ही दोघं बोललो," ताई म्हणाली. "रोज बोललो. त्याच टेबलावर समोरासमोर बसून बोललो रे."

केसानं गळा कापतात म्हणतात ना, तो हा. परक्यानं फसवलं तर माणूस दार लावून घेतं. इथं ती स्वतः भिंग लावून, मान मोडून, फसवणुकीला हातभार लावत बसली होती. आणि लायब्ररीत पंधरा-वीस गोरे म्हातारे तिच्या नाशिकवर हसत होते, ज्यांनी तिचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. वर ताप असा, की आता भांडायला माणूस नाही. "जिवंत असते तर विचारलं असतं," ती फोनवर म्हणाली. "एकदा सरळ सांगायचं होतं, शैला, मला नाही यायचं. मी भांडले असते, रुसले असते, पण राहिले असते गं. त्यांच्याजवळच राहिले असते. मला मूर्ख कशाला केलं?"



अस्थींचा विषय निघाला तेव्हा संग्राम म्हणाला, "आई, इथं नदीवर जागा आहे, सगळे तिथंच करतात. गुरुजी पण येतात."

"रामकुंडावर न्यायच्या."

"आई, बाबांना नव्हतं जायचं."

"त्यांना नव्हतं," ताई म्हणाली. "मला होतं. माझं तिकीट काढ. एकेरी."

रुचा म्हणाली, आई, अनयाचं शाळेनंतर कसं करायचं, निदान उन्हाळ्यापर्यंत तरी थांबा. संग्रामनं तिला डोळ्यानं गप्प केलं, तेवढी लाज होती त्याला. अनया तेवढी येऊन बिलगली, "आज्जी, हू विल पिक मी अप?" त्या लेकराला ताईनं पोटाशी धरलं, पण तिकीट रद्द केलं नाही.

तीन आठवड्यांनी संग्रामनं तिला एअरपोर्टवर सोडलं. आत त्याला जाता येत नाही. इंग्लिश नाही, सोबत माणूस मिळावं म्हणून ताईला व्हीलचेअर घेतलेली, ढकलायला एक मेक्सिकन बाई होती. अस्थींचा लाकडी डबा ताईच्या मांडीवर, सामानात टाकायचा नाही म्हणून फ्युनरल होमवाल्यांनी बजावलेलं. चेकिंगच्या मशीनमधून डबा बाहेर आला तो एका तरण्या ऑफिसरनं बाजूला घेतला आणि काहीतरी विचारलं. व्हीलचेअरवाली बाई दहनाच्या सर्टिफिकेटचा कागद शोधायला लागली, पर्सचे सगळे कप्पे उघडले, तो काही सापडेना.

"व्हॉट्स इन हिअर, मॅम?" त्यानं परत विचारलं.

ताईला एवढं समजलं.

"हजबंड," ती म्हणाली. "गोइंग नाशिक."

 मग कागद सापडला, त्या ऑफिसरनं वाचला. डब्यावरून स्फोटकं तपासायची एक पांढरी पट्टी हळूच फिरवली, मशीनमध्ये घातली, हिरवा दिवा लागला. टोपी काढली आणि डबा दोन्ही हातांनी उचलून ताईच्या मांडीवर परत ठेवला. "सॉरी फॉर युअर लॉस," म्हणाला.

ताईनं मान हलवली. डबा मांडीवर नीट सरळ केला, त्याच्यावर आपली पर्स ठेवली आणि त्या बाईला हातानं खूण केली, चल.