हाड कुठून आले ते आधी सांगणाऱ्या मॅडम

डॉ. निर्मला खांडवेकर यांना मी प्रथम पाहिले ते १९९९ च्या हिवाळ्यात, आयर्लंडातल्या कॉर्क शहरात, त्यांच्या दवाखान्यात. नागपूरहून दंतवैद्यकाची पदवी घेऊन आलेला आणि इथली परीक्षा नुकताच उत्तीर्ण झालेला मी नोकरी शोधत होतो. मुलाखतीसाठी म्हणून गेलो, तर मॅडमनी मला एका कोपऱ्यात उभे केले आणि "बघा" एवढेच सांगून पेशंटकडे वळल्या.

पेशंट म्हणजे एक धिप्पाड आयरिश शेतकरी. दात जाऊन बरीच वर्षे झाली की जबड्याचे हाड झिजते, आणि हाडच नसेल तर इम्प्लांटचा, म्हणजे कायमच्या कृत्रिम दाताचा, स्क्रू बसवायचा कशात? म्हणून आधी तिथे हाड भरावे लागते. मॅडमनी त्याच्यापुढे तीन लहान बाटल्या मांडल्या आणि एकेकीवर बोट ठेवत सांगितले, "हे गाईचं. हे मेलेल्या माणसानं दान केलेलं. हे कारखान्यात बनवलेलं. चौथं तुमच्या स्वतःच्या जबड्यात आहे, ते काढलं तर दुखेल." वेड्या गाईच्या रोगाची भीती तेव्हा घरोघरी होती. तो माणूस म्हणाला, "गाय कुठल्या देशातली?" मॅडमनी देश सांगितला. तो विचारात पडला आणि म्हणाला, "माझ्या गोठ्यातली असती तर बरं वाटलं असतं." अखेर त्याने स्वतःचेच हाड निवडले.

पेशंट गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, एवढं सगळं सांगितलं तर माणसं पळून जातील." त्या म्हणाल्या, "जाऊ देत. तोंड त्यांचं आहे." मला नोकरी मिळाली. माझे ते मत आजही पुरते बदललेले नाही, हे मॅडमच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो, कारण खोटी स्तुती मॅडमना खपत नाही.

त्यांच्या हाताबद्दल मी लिहायला नको. गॉलवेपासून मेनूथपर्यंतच्या दूरदूरच्या गावांतले दंतवैद्य अवघड पेशंट त्यांच्याकडे पाठवत, यातच सारे आले. बाकी त्या वक्तशीर इतक्या की उशिरा आलेल्या पेशंटला आधी बोलणी बसत, मग भूल मिळे. पण एकट्या राहणाऱ्या पेशंटकडे शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी मॅडमच्या हातची मुगाची मऊ खिचडी डब्यातून पोहोचायचीच. एका म्हाताऱ्या आजोबांनी टाके काढायला आल्यावर आमच्या नर्स मॉरीनला हळूच विचारले होते, "ते पिवळं पॉरिज परत मिळण्यासाठी आणखी एक दात काढावा लागेल का?"

मात्र मॅडमची खरी ओळख मला पटली ती श्रीपाद घैसास यांच्या प्रकरणात, आणि ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

श्रीपाद पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण घराणे वाईचे, भिक्षुकांचे. कॉर्कमधल्या आम्हा मराठी मंडळींची बारशी, सत्यनारायण, गणपतीची प्राणप्रतिष्ठा सगळे तेच करत. एका रविवारी क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसला आणि वरचे पुढचे दोन दात पुढच्या हाडासकट गेले. काढता-घालता येणारी दातांची कवळी त्यांनी लावून पाहिली, पण मंत्र म्हणताना ती हलायची आणि तोंडातून शिट्टी निघायची. एका वास्तुशांतीत यजमानांची मुले खुदकन हसली. त्या दिवसापासून श्रीपादांनी पूजा सांगणे बंद केले. "अशा तोंडानं देवापुढं बसवत नाही," ते म्हणाले.

इम्प्लांट हाच उपाय होता. मॅडमनी बाटल्या मांडायच्या आतच श्रीपाद म्हणाले, "गाईचं काही नको. ज्या तोंडानं मी मंत्र म्हणतो त्यात ते नको." मॅडमनी शब्द दिला. अक्कलदाढेच्या मागून त्यांचेच हाड काढले, पुढे बसवले. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका पेशंटचे रक्त थांबवण्यासाठी मॉरीनने नेहमीचा स्पंज पुढे केला आणि मॅडमचा हात थबकला. हाड काढलेल्या जागी रक्त थांबवायला आम्ही तो इवलासा स्पंज सर्रास ठेवत असू. तो काही आठवड्यांत आपोआप विरघळतो. तो बनतो गाईच्या कातड्यापासून. श्रीपादांच्या जबड्यातही तो ठेवला होता. हाडाची एवढी चौकशी झाली, पण स्पंजाकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

मॉरीन म्हणाली, "ही इज ग्रँड, डॉक्टर. पेशंट ठणठणीत आहे. स्पंज विरघळलाही असेल. कोणाला कळणार आहे?" मीही तेच म्हणालो. मॅडमनी हातमोजे काढले आणि संध्याकाळी मला गाडी काढायला सांगितली.

श्रीपादांच्या स्वयंपाकघरात आम्ही उभेच होतो. त्यांच्या मातोश्री वाईहून आल्या होत्या, त्यांनी चहा ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "श्रीपाद, हाड तुमचंच आहे. पण जिथून ते काढलं तिथं मी गाईच्या कातड्यापासून केलेला स्पंज ठेवला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही."

श्रीपाद खाली बसले. "काढता येईल?"

"जखम पुन्हा उघडावी लागेल. बराचसा विरघळला असेल. तुम्ही म्हणालात तर काढीन."

"मॅडम, हे तुम्ही मला का सांगितलंत?" ते एवढेच म्हणाले आणि आत निघून गेले. चहा उकळत राहिला, कोणी गाळला नाही.

त्यानंतर श्रीपाद दवाखान्याकडे फिरकले नाहीत. आमच्या मराठी मंडळात दोन तट पडले. निम्मे म्हणत, बाईंनी धर्म बुडवला. निम्मे म्हणत, बुडवला तर बुडवला, सांगायची काय गरज होती? त्या वर्षी गणपतीची पूजा सीडी लावून झाली आणि सीडी मध्येच अडकली. इकडे वेगळाच धोका होता. भरलेल्या हाडात वेळेवर इम्प्लांट बसवले नाही, तर ते हाडही झिजते. म्हणजे दात गेले ते गेलेच, वेदनाही फुकट. मॅडमनी एकदाच निरोप पाठवला, पुन्हा आग्रह केला नाही. त्या दिवसांत त्यांचे जेवण कमी झाले होते, हे मी पाहत होतो. मला त्यांचा रागही येई आणि वाईटही वाटे.

मग एके दुपारी श्रीपादांच्या मातोश्री सुनेला घेऊन बसने दवाखान्यात आल्या. खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी सरळ विचारले, "त्या स्पंजासाठी गाय मारतात का हो?"

"मांसासाठी मारतात, काकू. उरलेल्या कातड्यातून हे करतात."

काकू म्हणाल्या, "इथं परक्या मुलखात कोण विचारणार होतं तुम्हाला? गप्प बसला असतात तर माझा मुलगा सुखानं पूजा सांगत असता."

मॅडम म्हणाल्या, "स्पंजाचं लपवलं असतं, तर हाड त्यांचंच आहे हे माझं म्हणणं तरी त्यांनी कशावरून खरं मानायचं?"

काकू उठल्या. घरी जाऊन मुलाला म्हणाल्या, "प्रायश्चित्त मी सांगते ते घे. पण दात त्याच बाईंकडून बसवून घे. दुसरा कोण तुला खरं सांगेल?" प्रायश्चित्ताला पंचगव्य लागते, म्हणजे पुन्हा गाय आलीच. आयर्लंडात गाईंना तोटा नाही, पण ते कसे जमवले हे मी विचारले नाही.

श्रीपाद आले. खुर्चीत आडवे होण्यापूर्वी म्हणाले, "आज काय काय वापरणार?" मॅडमनी कापसापासून टाक्याच्या दोऱ्यापर्यंत एकेक वस्तू सांगितली. श्रीपादांनी ऐकून घेतले आणि तोंड उघडले. हाड टिकले होते. काही महिन्यांनी दात बसले, आणि माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी खणखणीत आवाजात मंत्र म्हटले. माझे डोळे तेव्हा भरून आले होते.

यंदा, २००७ मध्ये, मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. श्रीपादांनी आपणहून फोन केला की साठीशांत मीच करणार. मॅडम देवभोळ्या नाहीत. त्यांनी श्रीपादांना बोलावून विचारले, "विधीत काय काय असतं ते आधी सांगा." श्रीपादांनी दर्भापासून समिधांपर्यंत कोणती वस्तू कुठली आणि कशासाठी, ते सारे सांगितले. तुपापाशी मात्र अडले. "हे दुकानातून आणतो, मॅडम. कुठल्या गाईचं, ते मला माहीत नाही."

मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही म्हणालात ना? मग करा."

मॅडमना आम्हा सर्वांतर्फे निरोगी, दीर्घ आयुष्य चिंतितो. त्यांचा हात असाच स्थिर राहो, जीभ अशीच धारदार राहो, आणि त्यांच्या शंभरीची शांत सांगायला श्रीपाद बसतील तेव्हा ते दोन दात जागच्या जागी असोत.