मनोरीच्या वहीत सापडलेलं सोव्हिएत संघाचं पतन

सोसायटी, युनियन आणि मंडळांच्या सभासदांनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. सभेत आपण गप्प बसतो, ‘एकमताने मंजूर’ ऐकतो आणि जिना उतरताना शिव्या घालतो. म्हणून आमच्या मनोरीच्या सहलीची ही हकीकत.

आमचा नाहूरचा डावा अभ्यासवर्ग. पंचवीस वर्षं अध्यक्ष मीच, दरवेळी एकमताने. चाळिसाचे सात उरलो, तेव्हा यंदाच्या सहलीत बोलायला विषय घेतला: सोव्हिएत संघ का फुटला?

मालाड स्टेशनबाहेरून मार्वे जेट्टीची बस घ्या, रिक्षा महाग पडते. पुढे बोट काही मिनिटांत पलीकडे सोडते, वडापावच्या पैशात. ओहोटी असेल तर चपला हातात घ्या.

मनोरीत खानावळ चालवणाऱ्या रोझीमावशींच्या अंगणात, नारळाखाली, मी दोन तास बोललो. शस्त्रांवर उधळलेला पैसा, रिकामी दुकानं, अफगाणिस्तानातलं युद्ध, मॉस्कोच्या हुकमांना विटलेली प्रजासत्ताकं. “आणि मुख्य रोग! खरं बोलणाऱ्याची खैर नव्हती. कोठारं रिकामी, अहवालात मात्र भरलेली!” टाळ्या पडल्या.

मग बांगड्याची थाळी. दरवर्षी मीच ठरवतो. जेवून खानावळीच्या अभिप्रायाच्या वहीत ‘उत्कृष्ट’ लिहिलं आणि सह्यांसाठी वही फिरवली.

“कशाला लिहिता ओ?” मावशी ताटं उचलत म्हणाल्या. “तुमची माणसं दरवर्षी अर्धं ताट टाकतात.”

मी शेजारी बसलेल्या तुकारामकडे पाहिलं. मालवणचा, निवृत्त फिटर.

“माका बांगडो सोसना नाय, कॉम्रेड. धा वर्सां झाली.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी मधी श्वास घेतलास तर बोलतलंय ना!”

सगळे हसले. मी वहीची मागची पानं चाळली. वर्ग सोडून गेलेल्या एकूणएकांच्या सह्या तिथे होत्या, माझ्या ‘उत्कृष्ट’खाली. भांडलं कुणीच नव्हतं. सही केली आणि पुन्हा आले नाहीत. त्या प्रजासत्ताकांनीही वर्षानुवर्षं मॉस्कोच्या ठरावांना हात वर करून मंजुरीच दिली होती.

आमच्या सचिव सुनंदाताईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. “माझा राजीनामा. आज देऊन गुपचूप जाणार होते. आता नाही जात. अध्यक्ष तुम्ही की मी, यावर चिठ्ठ्या टाका.”

चार विरुद्ध तीन. ताई आल्या, मी पडलो.

परतून आठवडा झाला, तरी माझा राग गेलेला नाही. पण कालच्या बैठकीला नऊ जण होते. सोडून गेलेले दोघे परत आले, आणि थेट माझ्याशीच भांडले. ताईंच्या निवडीला माझा विरोध मी इतिवृत्तात नावासकट लिहवून घेतला. ताईंनी तो हसत हसत लिहिला.

तुम्हीही पुढच्या सभेत ‘एकमताने’ हा शब्द ऐकलात आणि मत वेगळं असेल, तर जिन्यापर्यंत थांबू नका. उभे राहा आणि आपला विरोध नावासकट इतिवृत्तात लिहायला लावा.